गार्डचाचांचे सदतीस निरोप

आमच्या घरात 'जाते' म्हणायला बंदी होती. शाळेत निघा, बाजारात निघा, नळावर घागर घेऊन निघा, उंबऱ्यावर थांबून 'पोयोस्ता' म्हणायचं, म्हणजे जाऊन येते. घरात आमची तेलुगू आणि गल्लीत मराठी, पण हा कायदा दोन्हीकडे सारखाच. चुकून कुणाच्या तोंडून 'जाते' निघालं की अम्मा हातातलं काम टाकून धावत यायची, परत आत बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि मगच सोडायची. शाळेला उशीर होऊन छड्या खाल्ल्या तरी चालतील, पण 'जाते' म्हणून पोरगी घराबाहेर पडायची नाही! आज माझी नात पुण्याहून फोन करते आणि बोलता बोलता 'बाय' म्हणून फोन कट करते. मी इकडे 'अगं थांब, जेवलीस का' म्हणत बंद फोनशी बोलत बसते. तिचा राग येत नाही मला, खरंच नाही. कारण एके काळी त्या बायच्या नादानं मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातूनच सुरू झालं.

शहराच्या पूर्व भागातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत आम्ही. नायना, म्हणजे माझे वडील, पहाटे माग सुरू करत ते लाईट जाईपर्यंत. ती खटाखट कानात इतकी मुरलेली की रात्री माग बंद झाला की लहान पोरं दचकून उठायची. नायनांना ऐकू कमी येत असे. तीस वर्षं मागाशेजारी उभ्या माणसाचे कान राहतात कसे? त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर जाऊन हातवारे करायचे. घरातून कोण निघालं, कोण आलं, ते बघून एक हात वर करायचे, की झाला निरोप. डोळे कापडावरच. माग बंद व्हायचा तो फक्त धागा तुटला तर. पाहुणा येवो नाहीतर जावो, मागाला त्याचं काही नसे. मी आणि अम्मा मागच्या खोलीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो, आणि चुलीवर चारू, म्हणजे आमचं पातळ सार, उकळत असायचा. चिंच, कढीपत्ता आणि लाल मिरचीचा तो वास अजून नाकात आहे. सूत आणि चारू, आमच्या घराचा वास हाच.

अम्माचे निरोप म्हणजे एकेक कार्यक्रम असायचा. शेजारच्या काशीबाई, माहेर मंगळवेढ्याचं, दुपारी घटकाभर बसायला यायच्या. "येते गं, लई उशीर झाला," म्हणून उठल्या की अम्मा म्हणायची, चहा टाकलाय. चहा झाला की कुंकू. कुंकू झालं की दारात उभ्यानं सुनेची गाऱ्हाणी. मग चपला घालता घालता एक गुपित. मग पायरीवर बसून त्या गुपिताचा खुलासा. आणि काशीबाईंचं घर तरी कुठं, तर आमच्या भिंतीला भिंत लावून! एकदा त्यांना माहेरी जायचं होतं तर अम्मा सोडायला एसटी स्टँडवर गेली, आणि दोघींच्या डोळ्यांदेखत मंगळवेढ्याच्या दोन गाड्या गेल्या. तिसरीत कंडक्टरनं काशीबाईंची पिशवी हिसकावून आत ठेवली तेव्हा त्या गेल्या. अम्मा घरी येऊन म्हणाली, "धड बोलणंसुद्धा झालं नाही."

मी बारावी झाले आणि भिवंडीचं स्थळ आलं. मुलाचे स्वतःचे चार माग, घर पत्र्याचं का असेना पण मोठं, आणि माणसं बरी. वाईट काहीच नव्हतं त्यात, हीच तर पंचाईत. मला भिवंडीला जाऊन पुन्हा कांड्या भरायच्या नव्हत्या. मला खुर्चीवर बसायचं होतं! अक्कलकोट रोडच्या एमायडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात पुढच्या काचेच्या खोलीत फोन घ्यायला, पाहुण्यांशी बोलायला मुलगी हवी होती, इंग्रजी येणारी. तिथं सूत पोचवायला जाणाऱ्या एकानं ही बातमी गल्लीत आणली आणि माझी झोप उडाली. मी नायनांसमोर उभी राहून हातवारे करकरून सांगितलं. त्यांनी माग न थांबवता सगळं बघून घेतलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "इंग्रजी येतं का तुला?" मी म्हणाले, येईल. "येऊ दे. खुर्ची मिळाली तर बघू. नाही मिळाली तर उन्हाळ्यात भिवंडी." असं म्हणून त्यांनी चारू भुरकला. मला तो न्याय मान्य होता. मी दुसऱ्याच दिवशी गार्डचाचांच्या दारात जाऊन बसले.

गार्डचाचा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. रुळांच्या पलीकडे एका खोलीत एकटेच राहायचे. गोरेपान, उंच, पांढरी मिशी, आणि उन्हाळ्यातसुद्धा कोट. त्यांच्या तरुणपणी जुने इंग्रजी बोलणारे ड्रायव्हर आणि साहेब लोक गाडीवर असायचे. त्यांच्यासोबत राहून चाचांची इंग्रजी अशी फर्मास झाली होती की ऐकत राहावं. संध्याकाळी चार-पाच पोरं शिकायला बसायची. फी म्हणून प्रत्येकानं ओंजळभर शेंगा आणायच्या. त्या ते तव्यावर भाजायचे, आणि शिकवणी संपेस्तोवर आम्हीच खाऊन टाकायचो.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, चाचा, मला हॅलो, हाऊ आर यू नीट शिकवा. ते हसले. "भाग्या बेटी, हॅलो काय कुणीबी बोलतंय. आना आसान हाय. माणूस कळतो तो जाताना. मी चौतीस वर्षं काय केलं? गाड्यांना जायला सांगितलं!" आणि त्यांनी ट्रंकेतून एक डायरी काढली. काळ्या पुठ्ठ्याची, कडा खाल्लेली. तिच्यात नंबर घालून इंग्रजी निरोप लिहिलेले होते, उर्दू अक्षरांत. प्लॅटफॉर्मवर, डब्याच्या दारात, ऑफिसात, जिथं जो नवा ऐकला तो त्यांनी टिपून ठेवला होता. एकूण सदतीस! मला वाटत होतं इंग्रजीत गुडबाय असतो, संपलं. अहो, सदतीस! कुणी दागिन्यांचा डबा उघडून दाखवावा तसं झालं मला.

मग सुरू झाली माझी तालीम. 'सी यू' हलका, रोज भेटणाऱ्याला. 'टेक केअर' मायेचा, त्यात आवाज खाली आणायचा. 'चीरिओ' जुना आणि आनंदी, त्याचा शेवट वर फेकायचा. 'सो लाँग' लांब जाणाऱ्याला. 'टाटा' पोरांना, मालकाला चुकूनही नाही. 'बाय फॉर नाऊ', म्हणजे तात्पुरता. 'मस्ट डॅश', म्हणजे पायाखाली आग लागलीय. 'आय अ‍ॅम ऑफ', म्हणजे मी निघालोच समजा. आणि या सगळ्यांच्या आधी एक खूण. साहेब बसल्या बसल्या गुडघ्यांवर दोन्ही हात आपटतो आणि 'राइट!' म्हणतो. "त्यो राइट आला की समज सिग्नल पडला," चाचा म्हणायचे. "त्याच्यानंतर चहा विचारायचा न्हाई. खुर्ची मागं सरकवायची आणि रस्ता द्यायचा."

आमची सगळ्यांची अडचण एकच. बोलायला जमायचं पण निघायला जमायचं नाही. 'सी यू' म्हणून उठायचं आणि दारातून बाहेर पडायचं, एवढाच सराव. पण दारात पोचलं की पाय आपोआप थांबायचे, मान मागं वळायची, आणि तोंडातून काहीतरी निघायचंच. चाचा, उद्या कितीला येऊ? चाचा, शेंगा जास्त आणू का? चाचा तोंडात शिटी धरून बसलेले असायचे. मान वळली की फुर्रर्र! परत आत. "गाडी सुटल्यावर परत प्लॅटफॉर्मवर येते का? एकदा उठलं की उठलं!" एका संध्याकाळी माझ्यासाठी ती शिटी अकरा वेळा वाजली. बाराव्या वेळेला मी डोळे मिटून 'चीरिओ!' ओरडत जी सुटले ती थेट रूळ ओलांडून घरी. चपला चाचांच्याच दारात राहिल्या. त्या आणायला परत जायची लाज वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अनवाणी फिरले.

गल्लीत मात्र माझा दरारा झाला. पाणी सोडणाऱ्याला 'सो लाँग', भाजीवालीला 'टेक केअर', काशीबाईंना 'सी यू'. काशीबाई म्हणायच्या, "ह्या पोरीला काय झालंय गं? तोंडावर दार लावल्यागत बोलतीया." अम्मा तर धास्तावलीच. एका सकाळी मी 'आय अ‍ॅम ऑफ!' म्हणून तडक बाहेर पडले, तर ती हातात लाटणं घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत मागं आली. "पोयोस्ता म्हण! आधी पोयोस्ता म्हण!" येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. मी म्हणाले, अम्मा, इंग्रजीत तसं नसतं. ती म्हणाली, "मग त्यांच्या आया झोपतात तरी कशा?" तेव्हा मी खो खो हसले होते. स्वतःची लेक पहिल्यांदा एकटीनं पुण्याला गेली त्या दिवशी हे वाक्य मला आठवलं, आणि हसू काही आलं नाही.

कारखान्याचे मालक भले माणूस होते, आमच्याच समाजातले. साध्या मागावरून वर आलेले. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले, मी दोन्हींची उत्तरं धडाधड दिली. ते म्हणाले, "बोलतेस तर चांगलं. पण बुधवारी इंग्लंडहून पाहुणे येतायत, टॉवेल बघायला. मोठं गिऱ्हाईक आहे. दिवसभर त्यांच्यासोबत राहा. माणूस खूश होऊन वेळेवर गाडीत बसला, तर काचेची खोली तुझी." मी तिथंच 'सी यू सर' म्हणून उठले आणि मान न वळवता बाहेर पडले. गेटवर पोचल्यावर मात्र एकटीच उडी मारली. वॉचमन बघत होता. बघू दे!

बुधवारी मी हिरवा पंजाबी ड्रेस घातला, मोठ्या बहिणीच्या लग्नात शिवलेला. पाहुण्याचं नाव कॉलिन. साठीचा, धिप्पाड, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला आणि स्वभावानं लोण्यासारखा मऊ. त्याला 'हॅलो' म्हणताना मी अडखळले. पण शेडमध्ये शिरलो, मागांचा आवाज कानावर आला आणि मी एकदम घरात आल्यासारखी झाले. तिथं ओरडून बोलायचं असतं, हातवारे करायचे असतात, ते मला जन्मापासून येत होतं. ताणा कुठला, बाणा कुठला, टॉवेलवरचे सुताचे फासे कसे उठतात, सगळं मी हातांनी सांगितलं, मध्ये मध्ये इंग्रजी पेरलं. तो टॉवेल गालाला लावून बघायचा आणि मान हलवायचा. मालक मागून चालत होते, त्यांचा चेहरा उजळत चालला होता. मला तर वाटत होतं, पायाखाली जमीनच नाही!

जेवण कारखान्याला लागून असलेल्या मालकांच्या घरी होतं. तिथं सत्ता मालकांच्या आईची. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. ठेंगण्या, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की मागसुद्धा दबावा. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, चिंचेचा भात, वर दही. कॉलिन साहेबांनी भाकरी पापडासारखी कडाकड मोडून खाल्ली, चटणी दोनदा मागितली, त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिसऱ्यांदा मागितली. अव्वा खूश. "ह्याच्या आईनं ह्याला नीट जेवायला घातलेलं दिसतंय," त्या मला म्हणाल्या. हे इंग्रजीत सांगता सांगता माझी दमछाक झाली, पण सांगितलं. तो हसला आणि त्यानं अव्वांना हात जोडले. सगळं इतकं छान चाललं होतं की मी मनातल्या मनात काचेच्या खोलीत जाऊन बसलेसुद्धा.

सव्वाचारची गाडी होती मुंबईची. स्टेशन वीस मिनिटांवर. बरोबर तीनला कॉलिन साहेबांनी गुडघ्यांवर दोन्ही हात आपटले आणि म्हणाले, "राइट!" चाचांनी सांगितलं तस्संच! सिग्नल पडला! मी ताडकन उठून खुर्ची मागं सरकवली. आणि बघते तर बाकी कुणी जागचं हललंच नव्हतं. अव्वांनी आत बघून आवाज दिला, "चहा टाका गं."

इथून पुढं जे झालं ते मी अजून विसरले नाही. पाहुणा चहा पिऊन उठला, 'सी यू ऑल' म्हणाला. मालकांनी शाल आणि श्रीफळ आणलं. तो 'बाय फॉर नाऊ' म्हणाला. फोटो निघाले. फोटोवाला एकटाच, पण अख्ख्या शेडला पाहुण्याशेजारी उभं राहायचं होतं. तो 'टेक केअर' म्हणाला. टॉवेलचा गठ्ठा आला, मग चटणीचा डबा आला, मग तो डबा सांडू नये म्हणून दुसरा डबा आला. तो 'चीरिओ' म्हणाला. त्याचा शेवट वर फेकलेला, बरोबर चाचांसारखा! पण डोळे घड्याळाकडे. साडेतीन. मी डायरीतले नंबर ओळखत होते एकेक. त्याला वाटत होतं की हा निरोप या लोकांना कळला नसेल, पुढचा कळेल. आणि आमच्या माणसांना वाटत होतं, पाहुणा आत्ता कुठं निघण्याच्या गोष्टी करायला लागलाय! पावणेचारला अंगणात गाडीच्या दाराशी तो 'आय रिअली मस्ट डॅश' म्हणाला. हा शेवटचा. याच्यापेक्षा घाईचा निरोप डायरीतसुद्धा नव्हता.

गाडीच्या दारासमोर अव्वा उभ्या होत्या. हातात दह्याची वाटी. मला वाटलं, दही दिलं की सुटलो. पण त्या दही देईनात आणि बाजूलाही होईनात. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, त्यानं गाडी सुरू केली नाही. अव्वांनी सांगितल्याशिवाय त्या घरात भांडंसुद्धा हलत नसे. मालक म्हणाले, "अव्वा, सोड त्यांना. ते जातो म्हणतायत." अव्वांचा आवाज चढला. "मघापासून तेच ऐकतेय मी! एकदा तू म्हणतोस जातो म्हणतायत, परत म्हणतोस जातो म्हणतायत. माझ्या हातचं जेवला, आणि असं म्हणून जाणार? माझा थोरला असाच जातो म्हणून सुरतेला गेला होता. आला का परत?" मालकांनी मान खाली घातली. थोरल्याचं नाव त्या घरात कुणी काढत नसे, हे मला नंतर कळलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो बिचारा पाच तऱ्हांनी गोड निरोप देत होता आणि मालक पाचही वेळा एकच सांगत होते, जातो. कसा सोडतील अव्वा? माझ्या अम्मानं तरी सोडलं असतं का? ती तर लाटणं घेऊन धावली होती! घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. त्यानंतर दिसत होती ती भिवंडीच. चाचांनी शिकवलं होतं, निरोप झाला की गप्प राहायचं, मध्ये पडायचं नाही. मी ते सगळं गुंडाळून ठेवलं आणि कॉलिन साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. म्हणाले, सर, आमच्या आईला तुमचा एकच शब्द ऐकायचाय. तुम्ही परत याल, एवढंच त्या शब्दात आहे. माझ्यामागून म्हणा. येतो.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग अव्वांकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. हळूच वाकला, अगदी अव्वांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि म्हणाला, "येटो."

"ये रे बाबा," त्या म्हणाल्या. त्याच्या लाल तळहातावर दही घातलं, त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि सरकन बाजूला झाल्या. बस्स! मग काय विचारता! दार उघडलं, गठ्ठा आत, डबे आत, पाहुणा आत, गाडी सुरू. तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन माझ्याकडे बघत ओरडला, "चीरिओ!" पंधरा दिवस मी याच घडीची वाट बघितली होती. सदतीसच्या सदतीस पाठ होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "या! परत या!" गाडी गेटबाहेर पडेपर्यंत मी ओरडत होते. मागून वॉचमन म्हणाला, "ताई, ओढणी खाली घ्या की आता." बघते तर हिरव्या ओढणीचं टोक मी डोक्यावर धरून हलवत होते.

साडेपाचला ड्रायव्हर परत आला. मालक धावत गेले, मीही धावले. गाडी मिळाली का? तो शांतपणे खाली उतरला, दार लावलं. म्हणाला, "मिळाली की. चाळीस मिनिटं लेट होती." अव्वा आतून म्हणाल्या, "बघा! अजून एक चहा झाला असता." मालक आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, "सोमवारपासून ये."

मी घरी गेले नाही. आधी गार्डचाचांकडे गेले. शेंगा न नेता गेलेला तो एकच दिवस. सगळं एका दमात सांगितलं. गाडी लेट होती हे ऐकल्यावर चाचा इतके हसले की कोटाचं बटण तुटलं. मग ट्रंकेतून डायरी काढली, पेन झटकलं आणि अडतीस नंबर घालून शेवटच्या पानावर उजवीकडून डावीकडं हळूहळू लिहिलं, येतो. "चौतीस वर्षं झेंडा दाखवला बेटी," ते म्हणाले, "पण ड्युटीवर निघताना घरात हे कधी बोललो न्हाई. घाई असायची. बायको दारात उभी राहायची, उगाच." त्यांनी डायरी मिटली आणि माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत होते. मग उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि मान वळवून म्हणाले, चाचा, येते हं. शिटी त्यांच्या हातातच होती. ती वाजली नाही. आज ती डायरी माझ्या कपाटात आहे. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नाही, पण शेवटचं पान कुठलं ते बोट ठेवून सांगू शकते.

घरी आल्यावर मी नायनांसमोर उभी राहून हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची, काच, सोमवार. त्यांनी बघितलं, एक हात वर केला आणि परत कापडाकडे वळले. तो हात हो होता की नाही, काही कळेना. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. अम्माला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनाच विचार." भिवंडीचं पत्र कोनाड्यात तसंच पडून होतं. रविवारी रात्री मी ड्रेसला इस्त्री केली, तरी घरात कुणी काही बोललं नाही.

सोमवारी सकाळी डबा घेऊन पुढच्या खोलीतून निघाले. दोन्ही माग चालू. अम्मा मागं उभी. नायनांची पाठ माझ्याकडे होती, हात वर करायलाही त्यांनी बघितलं नाही. मी उंबऱ्यावर थांबले. डोक्यात सदतीस निरोप गर्दी करून होते, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. मी नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पोयोस्ता, नायना." त्या खटाखटीत माझं मलाच ऐकू आलं नाही. पायरी उतरले, दोन पावलं टाकली.

आणि माग थांबला. मला वाटलं, धागा तुटला. मग दुसराही थांबला. अख्ख्या घरात अशी शांतता झाली की चुलीवरचा चारू उकळताना ऐकू यायला लागला. मी वळून बघितलं. ताणा अखंड होता, एक धागा तुटलेला नव्हता. नायना दारात येऊन उभे होते, हाताला सुताचा भुसा लागलेला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पोयिरा!" जाऊन ये.

मी चालायला लागले. गल्ली संपून मोठ्या रस्त्याला वळेपर्यंत आमच्या घरातून मागाचा आवाज आला नाही.